दाजींची महागडी पक्कड

त्याचं खरं नाव बायकोलाही क्षणभर आठवावं लागायचं. सगळे त्याला पानाच म्हणायचे. एक तर पँटच्या मागच्या खिशात कायम पाना खोचलेला, आणि दुसरं म्हणजे काहीही ढिलं दिसलं की हा आवळायला निघायचा, मग तो नळ असो की माणूस. ज्या घरात नळ दुरुस्त करायला जाई, त्या घरातल्यांना दोन शब्द सुनावल्याशिवाय बाहेर पडत नसे. मेन कॉक बंद न करता फोन करत बसलात? हा प्लास्टिकचा नळ कुठल्या शहाण्यानं निवडला? लोक ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वेळीही त्यालाच बोलवायचे, कारण त्यानं आवळलेला नट पुन्हा गळत नसे.

बेसिनखाली पाठीवर पडायचं, जिथं डोळा पोचत नाही तिथं हात घालायचा आणि वायसर नीट बसला की नाही ते अंगठ्यानं दाबून ठरवायचं, ही त्याची पद्धत. डोळ्यांवर त्याचा फारसा विश्वासच नव्हता. सगळी भिस्त उजव्या हातावर. दोन खोल्यांचं घर, बायको, शिकणारी मुलगी आणि त्याची स्वतःची मिजास, सगळं त्या एका हातावर चालत होतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो चाकूनं साधा कांदाही चिरत नसे. बायको म्हणायची, निमित्त छान शोधलंय.

आठवडाभर तोंडाचा पट्टा चालवणारा हा माणूस रविवारी मात्र गप्प असायचा. रविवारी तो गळ टाकायला जायचा. गावाबाहेर मोठा तलाव होता, तिथं भाड्यानं होडी मिळायची आणि नियम एकच होता, की पकडलेला मासा परत पाण्यात सोडायचा. पकडायचा, बघायचा, सोडायचा. बायकोला यातलं काही कळत नसे. पानाला कळत होतं, पण सांगता येत नसे. आणि या होडीत त्याच्या समोरच्या फळीवर, गेली कित्येक वर्षं, दाजी बसलेले असायचे.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. आई लवकर गेली तेव्हा पानाला ताईनंच अंगाखांद्यावर वाढवलं, त्यामुळे ताईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, आणि ताईचा नवरा म्हणजे ज्याला उलट बोलायचं नाही असा जगातला एकमेव माणूस. अख्ख्या गावाला अरे-तुरे करणारा पाना दाजींना ‘अहो दाजी’ म्हणायचा. दाजींचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक साधी फ्रेम मागायला आलं की दाजी आधी भारीतली काढून नाकावर चढवायचे, आरसा पुढे करायचे आणि नुसते हसायचे. गिऱ्हाईक गळालाच लागायचं. विकता विकता त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता की जे महाग ते चांगलं, आणि जे फार महाग ते फारच चांगलं.

गळाच्या सामानाचं एक दुकान बाजारात उघडलं आणि दाजींचं कल्याण झालं. आधी आली रबराची जाळी. मग मासा जबड्याला धरायची ती चिमट्यासारखी कळ, तिच्या मुठीतच वजनकाटा. मग मोजपट्टी छापलेली मऊ गादी, माशाला झोपवायला. पाना बघायचा आणि आतल्या आत उकळायचा. माशाला गादी! त्याच्या स्वतःच्या गादीतला कापूस भिंतीकडे जाऊन बसला होता.

“मासा सुखरूप परत जायला हवा ना,” दाजी म्हणायचे. “हाताळण्यातच सगळं असतं. स्वस्त सामानानं जिवाला इजा होते.”

आता राग येण्याचं खरं कारण असं, की दाजींचं सगळंच चूक नव्हतं. पानाची जुनी नायलॉनची जाळी गाठीगाठींची होती. तिच्यात मासा धडपडला की शेपटीच्या चिंध्या व्हायच्या, गळ जाळीत अडकायचा आणि तो सोडवेपर्यंत माशाचा जीव निम्मा व्हायचा. दाजींच्या रबराच्या जाळीतून मासा जसाच्या तसा निघायचा. पानानं हे पुरतं एक वर्ष पाहिलं आणि गुपचूप तसलीच जाळी आणली. दाजींना मात्र सांगितलं की एका गिऱ्हाइकानं नळाच्या कामाबद्दल खुशीनं दिली. दाजी हसले. ते हसणं पानाला आठवडाभर खात होतं.

पण ती वजनकाट्याची कळ! दाजी तिनं माशाचा जबडा पकडायचे आणि अख्खा मासा हवेत टांगून, चष्मा कपाळावर सारून, वजनाचा आकडा वाचत बसायचे. मोठ्या माशाच्या अंगाचा सगळा भार त्या एका जबड्यावर.

“दाजी, खालून हात द्या त्याला.”

“वजन चुकतं रे हात लावला की.”

“मग चुकू द्या.”

“मग काटा घेतलाय कशाला?”

यावर पानाकडे उत्तर होतं, पण ते दाजींना देण्यासारखं नव्हतं. तो पाण्याकडे बघत राहायचा.

शेवटी आली पक्कड. दाजींनी ती कंबरेला चामड्याच्या म्यानात लावली होती, आणि म्यानाला गुंडाळीची दोरी, पाण्यात पडू नये म्हणून. गंज न चढणारा धातू, हाताला पिसासारखी हलकी, मिटली की आवाजसुद्धा नाही. तोंडाच्या मुळाशी दोन बारीक पाती होती, गळाचा विणलेला दोरा कापायला. दाजींनी दोरा मध्ये धरला, नुसता दाब दिला, आणि दोरा कापला गेल्याचं दोऱ्यालाही कळलं नसावं. हत्यारांत जन्म गेलेल्या माणसाला चांगलं हत्यार ओळखता येतं. पानाला ती आवडली, आणि आवडली म्हणून त्याचा संताप आणखी वाढला.

त्याच्या स्वतःच्या पक्कडीचं काय सांगावं. आठवडाभर नळाखाली आणि रविवारी होडीत, तीच एक. सांध्यात गंज धरलेला. उघडेना झाली की पाइपावर दोनदा आपटायची, म्हणजे सुटायची.

“तिला तेल घाल,” दाजी दर रविवारी म्हणायचे.

“तिला मानवत नाही तेल,” पाना म्हणायचा. हे तो नुसतं चिडवायला म्हणायचा. घरी गेल्यावर घालू म्हणायचा आणि विसरायचा. पुढं जे झालं त्यात त्याचा स्वतःचा हा एवढा वाटा होता, आणि तो त्याला ठाऊक होता, म्हणून तर राग निघायला जागाच उरली नाही.

त्या सकाळी पाण्यावर वारा नव्हता. पानानं आमिष म्हणून लाकडी नकली मासा लावला होता, पोटाखाली तीन टोकांचा गळ असलेला. होडी मध्यावर आली आणि गळाची दांडी अशी वाकली की पाना उभाच राहिला. बराच वेळ झटापट झाली. मासा वर आला तेव्हा दोघांच्याही तोंडून एकदमच आवाज निघाला, इतका तो मोठा होता. दाजींनी जाळी खाली सरकवली, दोघांनी मिळून तो होडीत घेतला. गळाचं एक टोक जबड्यात खोल रुतलं होतं, दोन टोकं बाहेर मोकळी.

पानानं खिशातली पक्कड काढली. उघडेना. होडीच्या कडेवर आपटली. तरी उघडेना. समोर दाजी कंबरेला म्यान लावून बसले होते. नुसतं ‘दाजी, द्या जरा’ म्हणायचं होतं. ते तीन शब्द पानाच्या तोंडून निघेनात. त्यानं डाव्या हातानं मासा दाबला आणि उजव्या हाताच्या बोटांनी गळ धरून उपसायला गेला.

मासा उसळला. मोकळ्या टोकांपैकी एक पानाच्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या जाड मांसात, टोकाच्या उलट्या काट्यासकट पार आत घुसलं. पहिलं टोक माशाच्या जबड्यात होतंच. आता मासा आणि हात एकाच लोखंडाला बांधले गेले होते, आणि मासा जिवंत होता.

“दाजी! गळ कापा!”

दाजी घाबरले, हे खरं. आधी त्यांनी पानाचीच पक्कड उचलली. ती कशी उघडणार?

“तुमची काढा, तुमची!”

दाजींनी म्यानातून पक्कड काढली. पाती उघडली. पार गळापर्यंत आणली. आणि तिथं हात थांबला.

“हे कडक पोलाद आहे रे,” दाजी म्हणाले. “ही पाती फक्त दोऱ्यासाठी असतात. तुटतील. थांब, तुझी सुटते का बघतो.”

आणि दाजींनी आपली पक्कड मांडीवर ठेवली, पानाची गंजकी पक्कड उचलली आणि होडीच्या कडेवर आपटायला लागले. टक, टक, टक. तेवढ्यात मासा पुन्हा उसळला. पानाला हाताच्या आत काहीतरी फाटल्याचं जाणवलं. दुखलं ते वेगळं, हे वेगळं होतं. माशावर डावा हात, गुडघा, सगळा भार टाकला तरी ते बुळबुळीत अंग निसटत होतं, आणि प्रत्येक हिसक्यासरशी ते टोक आत फिरत होतं, आणि समोर टक, टक.

“अरे काप!” पाना ओरडला. “काप ना, अरे, काप!”

तलावावर ते किती लांब ऐकू गेलं असेल कोण जाणे. दाजींनी आपली पक्कड उचलली, गळावर लावली आणि दोन्ही हातांनी दाबली. कट्कन आवाज झाला. हात सुटला.

पाना हात पोटाशी धरून होडीच्या तळाशी बसला. त्यानं वर पाहिलं. दाजींनी चष्मा कपाळावर सारला होता आणि पक्कड उजेडाकडे धरून ते पातं बघत होते. एका पात्याची कणी उडाली होती. त्यांनी नखानं ती जागा चाचपून पाहिली, हळहळल्यासारखी जीभ वाजवली, आणि मग पानाच्या हाताकडे पाहिलं.

पुढं कित्येक दिवस पानाच्या डोळ्यांसमोरून हेच जात नव्हतं. उशीर समजू शकतो. माणूस गोंधळतो, काही सुचत नाही. पण गोंधळ संपल्यावर, सगळं सुटल्यावर, आधी कशाकडे बघतो माणूस? आधी पातं बघितलं. मग हात.

आणि मासा? ज्याला इजा होऊ नये म्हणून ती गादी, ती जाळी, ती कळ आणि ती पक्कड आणली होती, तो फळीखाली कोरड्यात पडून तोंड उघडमिट करत होता. कुणाचं लक्षही नव्हतं. पानाला दिसला तेव्हा त्यानं डाव्या हातानं त्याला कडेवरून पाण्यात ढकललं. तो थोडा खाली गेला आणि मग उलटा होऊन पांढरं पोट वर करून तरंगायला लागला. पानाला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

दाजींनी वल्ही मारली. किनारा येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले.

“तू मला अरे म्हणालास.”

डॉक्टर तरुण होती, स्पष्ट बोलणारी. “नुसता घुसला असता तर आठवड्यात बरे झाला असतात,” ती म्हणाली. “आत फिरलाय. अंगठा वळवणारी शीर फाटलीये. शिवते मी, पण पहिल्यासारखी ताकद येईल असं सांगत नाही.” पानानं विचारलं, म्हणजे किती येईल? ती म्हणाली, पेला धरता येईल. पेला! पानाला हसावं की टेबल उलटावं ते कळेना. पेला धरायला का त्यानं हा हात इतकी वर्षं जपला होता?

पट्टी निघाल्यावर तो हट्टानं कामावर गेला. जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी स्वयंपाकघरातला नळ गळत होता. पाठीवर पडला, हात आत घातला, पाना नटावर बसवला आणि आवळायला गेला. बोटं आवळली गेली. अंगठा नुसताच टेकला. पाना घसरला, पुन्हा बसवला, पुन्हा घसरला. वायसर जागेवर आहे का ते दाबून बघायला गेला, तर अंगठ्याला काही कळेचना. पाणी त्याच्या छातीवर ठिबकत होतं. शेवटी घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी वाकून विचारलं, “मी फिरवू का?” आणि फिरवलाही, दम खात खात. पानानं मजुरी घेतली नाही. बाहेर येऊन त्यानं पाना असा भिरकावला की गल्लीतली दोन कुत्री उठून गेली. मग जाऊन तो उचलूनही आणला, कारण करणार काय?

आणि ताई. ताईचा फोन आला तो हाताची चौकशी करायला, पण चौथ्या वाक्याला मुद्द्यावर आली.

“ह्यांना तू अरे-तुरे केलंस म्हणे. भर तलावात.”

“केलं.”

“दुखत होतं, मान्य आहे. पण म्हणून असं? ते जेवले नाहीत त्या दिवशी. नीट बोलून टाक एकदा. तोंडानं माफी माग, संपव.”

म्हणजे दाजींनी घरी एवढंच सांगितलं होतं. पक्कड मांडीवर ठेवली ते सांगितलं नव्हतं. पानाच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण ताईनं ज्या माणसाचं कौतुक करत आयुष्य काढलं, त्याचं हे तिला फोनवर कसं सांगायचं? हा जगाला फाडून खाणारा माणूस बहिणीपुढं शेळी व्हायचा.

“मागतो,” तो म्हणाला, आणि मागितली नाही. मग ताईचे फोन बंद झाले.

बायको म्हणाली, “तुम्ही सांगत का नाही?”

“तू मध्ये पडू नकोस.”

“मी मध्ये पडत नाही. घरात तुम्ही माझ्यावर ओरडता ते ऐकून घेते, एवढंच.”

हे खरं होतं. तरी पाना तासाभरानं कपाटाचं दार नीट लागत नाही म्हणून पुन्हा ओरडला.

शेवटी ताई स्वतःच आली, दाजींना घेऊन. दोन पोरांची भांडणं मिटवायला यावं तसं तिनं दोघांना समोरासमोर बसवलं. बायकोनं चहा आणला. कुणी पानाच्या हाताकडे बघत नव्हतं. पाना डाव्या हातानं कप धरून बसला होता.

“अहो, तुम्ही सुरू करा,” ताई म्हणाली. “मोठे आहात.”

दाजींना सुरू करायला काहीतरी चांगलं हवं होतं आणि ते त्यांच्याकडे होतं. त्यांचा चेहरा उजळला. कंबरेचं म्यान उघडून त्यांनी पक्कड काढली आणि टेबलावर ठेवली.

“बघ,” ते म्हणाले. “नवी कोरी. मी कंपनीला पाठवली होती. दोन्ही पाती बदलून दिली, आणि वर एक पैसा घेतला नाही. आजन्म वॉरंटी! पातं कशानंही तुटू दे, विचारत नाहीत, बदलून देतात. तुला वाटायचं ना, एवढी महाग कशाला? आता सांग. म्हणून परवडतं चांगलं घ्यायला.” त्यांनी पक्कड उचलून पानाच्या उजव्या हातात दिली. “दाबून तरी बघ. मनात काही ठेवू नकोस.”

पानानं बोटं आवळली. अंगठा मुठीवर टेकला आणि तसाच राहिला. पक्कडीचं तोंड आ वासून उघडंच राहिलं. त्यानं दात आवळून पुन्हा जोर लावला. पक्कड हातातून निसटली आणि बशीवर पडली. ताईनं पहिल्यांदाच त्या अंगठ्याकडे नीट पाहिलं.

“दाजी,” पाना म्हणाला, अगदी हळू. “ही वॉरंटी तुम्हाला त्या दिवशी होडीत ठाऊक होती?”

“म्हणजे काय! त्यासाठीच तर घेतली मी,” दाजी म्हणाले, दुकानातल्या त्याच उत्साहानं.



“होडीत काय झालं होतं?” ताईनं विचारलं.

दाजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. ताईनं बशीवरची पक्कड उचलली, बोटानं ती नवी पाती चाचपली, मग दाजींकडे पाहिलं.

“अहो, मी विचारतेय. पातं तुटेल म्हणून थांबला होतात तुम्ही?”

“तसं नाही गं. मी म्हटलं, आधी त्याची पक्कड सुटते का बघू. पोलाद कडक असतं, आणि अशी वस्तू पुन्हा मिळत...”

ताईनं पक्कड टेबलावर आपटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणातसुद्धा तिनं नवऱ्याला कधी ‘अहो’शिवाय हाक मारली नव्हती.

“अरे, हात होता तो!” ती म्हणाली. “माझ्या भावाचा हात होता रे!”